मूर्ती लहान, बढाई महान

२०२३ सालच्या विज्ञान दिनाला एका जिल्हा परिषद शाळेत भूकंपाविषयी बोलायला गेले होते. तुर्कस्तान आणि सीरियातला ६ फेब्रुवारीचा ७.८ महत्तेचा भूकंप होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्यामुळे मुलांना विषय नवा नव्हता. भाषण संपल्यावर आठवीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "मॅडम, कार्टूनमध्ये एक छोटा रोबो असतो. तो हातांचे हातोडे करून जमिनीवर ठोकतो आणि भूकंप होतो. तसलं मशीन खरं असतं का? तुर्कस्तानचा भूकंप मशीननं केला म्हणतात." वर्ग हसला. मीही हसले, "अरे, ते कार्टून आहे" असे म्हटले आणि पुढच्या हाताकडे वळले.

परतीच्या एस.टी.त बसल्यावर लक्षात आले, की हे उत्तर नव्हते. मुलाने दोन प्रश्न विचारले होते. पहिला एका खेळण्यातल्या रोबोविषयी होता आणि दुसरा, त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव फिरणाऱ्या एका अफवेविषयी. अलास्कातल्या एका संशोधन केंद्राच्या अँटेनांनी तो भूकंप घडवला, असे सांगणाऱ्या चित्रफिती तेव्हा जगभर पाहिल्या जात होत्या. पहिल्या प्रश्नाला हसून वाटेला लावले की दुसराही अनुत्तरित राहतो, आणि मूल उत्तरासाठी पुन्हा मोबाइलकडेच जाते. म्हणून तो रोबो कोण हे शोधून काढले, त्याचे जुने भाग पाहिले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले.

त्या रोबोचे नाव रम्बल. 'ट्रान्सफॉर्मर्स' या अमेरिकी खेळण्यांच्या मालिकेतला तो एक खलपात्राचा चेला. १९८४ साली हॅस्ब्रो कंपनीने ही खेळणी बाजारात आणली आणि त्याच वर्षी त्यांची चित्रकथा व दूरदर्शन मालिकाही सुरू झाली. साउंडवेव्ह नावाचा एक मोठा रोबो छोट्या टेपरेकॉर्डरचे रूप घेतो, आणि रम्बल त्याच्या छातीच्या कप्प्यात बसणारी कॅसेट होतो. कप्पा उघडला की कॅसेट बाहेर उडते, हवेत उलगडते आणि तिचा एक ठेंगणा, कमरेवर हात ठेवून उभा राहणारा रोबो होतो. वृत्ती गल्लीतल्या दादाची. मेगाट्रॉन या सरदाराने काहीही दुष्ट काम सांगावे, हा सर्वांत पुढे, आणि काम होण्याआधीच त्याची फुशारकी सुरू. गंमत म्हणजे मालिकेत मेगाट्रॉन, साउंडवेव्ह आणि रम्बल या तिघांनाही फ्रँक वेल्कर या एकाच कलावंताचा आवाज आहे. हुकूम सोडणारा, तो पुढे पोचवणारा आणि त्यावर बढाई मारणारा, सगळे एकाच गळ्यातून बोलतात!

या खेळण्यांच्या खोक्यावर मागच्या बाजूला प्रत्येक पात्राचा परिचय छापलेला असे. मार्व्हल कॉमिक्सचे संपादक बॉब बुडियान्स्की यांनी सुरुवातीच्या बहुतेक पात्रांची नावे आणि परिचय लिहिले. सोबत बळ, बुद्धी, वेग, धैर्य अशा आठ गुणांचा आलेख असे, पण तो लाल रेघोट्यांच्या जंजाळात दडवलेला. खोक्यातली लाल प्लॅस्टिकची पट्टी त्यावर धरली की रेघोट्या नाहीशा होऊन आलेख दिसू लागे. लाल पट्टी पांढऱ्या कागदावरून येणारा लाल प्रकाश सोडते आणि लाल शाईवरून येणाराही सोडते, म्हणून दोन्ही सारखेच दिसतात. निळसर शाईवरून मात्र लाल प्रकाश फारसा येत नाही, म्हणून ती काळी दिसते. प्रकाशाचा पाठ शिकवताना लाल जिलेटीनच्या कागदाने हा प्रयोग दहा मिनिटांत करता येतो. एवढ्यासाठी तरी त्या खोक्याचे आभार मानायला हवेत.

रम्बलच्या परिचयात दोन विधाने आहेत आणि दोन्ही तपासण्याजोगी आहेत. एक असे, की तो जमिनीत अत्यंत शक्तिशाली, कमी वारंवारितेच्या लहरी सोडून मोठे भूकंप घडवू शकतो. दुसरे असे, की लहान आकार आणि बेताचे शारीरिक बळ ही त्याची उणीव आहे, आणि भांडखोरपणाने तो ती भरून काढतो.

पहिल्या विधानातला एक तपशील अगदी बरोबर आहे. 'कमी वारंवारितेच्या' हे शब्द लिहिणाऱ्याने कोठून उचलले कोण जाणे, पण योग्य जागी ठेवले आहेत. खडकातून जाताना जलद कंपने लवकर विरतात, संथ कंपने दूरवर पोचतात. शेजारच्या मांडवात गाणी लागली की आपल्या खोलीत शब्द येत नाहीत, ढोलाचा धपधप आवाज तेवढा येतो, तसेच हे. जमिनीत मुद्दाम अशा लहरी सोडण्याचे यंत्रही खरोखर आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत तेलाच्या शोधासाठी व्हायब्रोसाइस नावाची पद्धत निघाली. वीस-पंचवीस टनांचा ट्रक आपल्या पोटाखालची जाड पट्टी जमिनीवर टेकवतो, तिच्यावर आपले वजन टाकतो आणि सेकंदाला पाच-दहापासून शंभरपर्यंत कंपने देत काही सेकंद जमीन हलवतो. काही किलोमीटर खोलीच्या थरांवरून परतणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात, की अनेक नोंदींची बेरीज केल्यावर त्या वाचता येतात. म्हणजे मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की हो, जमीन हलवणारे यंत्र असते. शेजारच्या घरात त्याची थरथर जाणवते. भूकंप मात्र होत नाही. का होत नाही, ते आकड्यांनी पाहू या.

भूकंपाची महत्ता आणि त्यातून लहरींच्या रूपाने बाहेर पडणारी ऊर्जा यांचा एक प्रसिद्ध संबंध आहे, गुटेनबर्ग आणि रिश्टर यांचा. महत्तेला दीडने गुणायचे आणि त्यात ४.८ मिळवायचे. येणारी संख्या म्हणजे ज्यूलमधल्या ऊर्जेचा १० या पायाचा लॉगरिथम. महत्ता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, ही आपण शिकवतो ती गोष्ट याच सूत्रातून येते. आपल्या माहितीचा भूकंप घेऊ. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला झालेला भूकंप ६.३ महत्तेचा होता. सूत्रात घातल्यावर १४.२५ येतात, म्हणजे सुमारे १८० लाख कोटी ज्यूल.

आता रम्बल. त्याचे वजन खोक्यावर दिलेले नाही, तेव्हा उदारपणे धरू. एकूण वस्तुमान १ टन, त्यातले दोन्ही हातोड्यांचे मिळून १०० किलोग्रॅम. हातोडे सेकंदाला १० मीटर वेगाने जमिनीवर आदळतात, सेकंदाला दहा ठोके. एका ठोक्याची गतिज ऊर्जा, अर्धे गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे ५,००० ज्यूल. कोयनेइतकी ऊर्जा जमा करायला ३,६०० कोटी ठोके हवेत. न थांबता, न जेवता (रोबो जेवत नाही, पण हे लोक सतत इंधनाच्या शोधात असतात) तो ठोकत राहिला तर ११४ वर्षे लागतील. हेही प्रत्येक ठोक्याची सगळी ऊर्जा लहरींत गेली असे मानून. प्रत्यक्षात ती बहुतेक माती दाबण्यात, दगड फोडण्यात आणि तापवण्यात जाते. शंभरातला एखादा भाग लहरींना मिळाला असे धरले, तर ११,४०० वर्षे. तोवर पहिल्या ठोक्याच्या लहरी केव्हाच विरून गेलेल्या असतील, तेव्हा ही ऊर्जा 'जमा' होते हेच मुळात खोटे.

एका ठोक्याची महत्ता किती? शंभरातला एक भाग म्हणजे ५० ज्यूल, त्याचा लॉगरिथम १.७. त्यातून ४.८ वजा करून दीडने भागले की उत्तर येते उणे दोन! मुलांना हे चुकले असे वाटते. चुकलेले नाही. रिश्टर यांनी शून्य कोठे धरायचे ते त्या काळच्या उपकरणांवरून ठरवले होते. आजची उपकरणे त्याहून कितीतरी क्षीण हादरे टिपतात, आणि खाणींमधल्या बारीक हादऱ्यांच्या नोंदीत उणे महत्ता नेहमीच्याच असतात. रम्बलचा भूकंप हा असा उणे दोनचा भूकंप. त्याच्या बढाईला यापेक्षा नेमके उत्तर मला सुचले नसते.

पण ऊर्जेपेक्षाही सरळ अडचण त्याच्या पायाखाली आहे. हातोडे खाली ढकलायचे तर शरीर वर ढकलले जाणार, हा न्यूटनचा तिसरा नियम. आपल्या आकड्यांत हातोड्यांचा संवेग १,००० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद आहे. उरलेले शरीर ९०० किलोग्रॅमचे, म्हणजे ते सेकंदाला सव्वा मीटरपेक्षा थोड्या कमी वेगाने वर उडायला पाहील आणि सहाएक सेंटिमीटर उचलले जाईल. सेकंदाला दहा ठोके म्हणजे ठोक्यांचा जमिनीवरचा सरासरी जोर १०,००० न्यूटन, आणि त्याचे स्वतःचे वजन ९,८०० न्यूटन. थोडक्यात, या गतीला त्याचे पाय नावापुरतेच जमिनीला टेकतील. त्याहून जोरात ठोकू लागला तर तो जमीन हलवण्याऐवजी स्वतःच उड्या मारू लागेल. रस्ता फोडणारा कामगार आपले सगळे अंग यंत्रावर टाकून उभा असतो, त्याचे कारण हेच. जमिनीवर उभे राहून, सरासरीने, आपल्या वजनापेक्षा जास्त जोर जमिनीवर देता येत नाही. मग तो रोबो असो, पैलवान असो की व्हायब्रोसाइसचा ट्रक. ट्रक वीस टनांचा असतो तो हौस म्हणून नव्हे.

येथे चाणाक्ष विद्यार्थी कोयनेचेच उदाहरण आपल्यावर उलटवू शकतो. तो म्हणेल, कोयनेची ऊर्जा धरणाने कोठे पुरवली? ती खडकात आधीच साठलेली होती, जलाशयाने फक्त घोडा दाबला. मग रम्बलनेही घोडाच दाबला तर? हा युक्तिवाद चांगला आहे आणि त्याला हसू नये. शिवसागर जलाशय १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भरू लागला, त्यानंतर परिसरात धक्के जाणवू लागले, आणि १९६७ च्या धक्क्यात सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली. जलाशयामुळे चेतलेल्या भूकंपांचे कोयना हे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण आहे. तेव्हा घोडा दाबायला किती जोर लागतो, एवढाच प्रश्न उरतो. धरणाची उंची १०३ मीटर. शंभर मीटर पाण्याचा दाब सुमारे १० वातावरणे, आणि तो मैलोगणती पसरलेल्या तळावर, वर्षानुवर्षे. शिवाय पाणी भेगांतून खाली झिरपते, खडकाच्या छिद्रांतला दाब वाढवते आणि एकमेकांवर घट्ट रुतलेल्या बाजूंची पकड सैल करते.

रम्बलचे १०,००० न्यूटन पृष्ठभागावर एका जागी पडतात. पाच किलोमीटर खोलीवर पोचेपर्यंत तो जोर चौरस किलोमीटरांवर पसरलेला असतो. ढोबळ हिशोबाने तेथे एका पास्कलच्या दहा हजाराव्या भागाच्या तीन-चार पट एवढाच ताण उरतो. ठोक्याच्या क्षणी जोर वीसपट होतो असे धरा, तरी पास्कलचा शंभरावा भागही भरत नाही. याउलट चंद्र-सूर्याच्या ओढीने पृथ्वीचे कवच रोज दोनदा वरखाली होते, आणि त्यामुळे खडकांत हजारएक पास्कलचा ताण येतो-जातो. म्हणजे रम्बलने ज्या प्रस्तराच्या भेगेचा घोडा दाबायचा, तो चंद्र रोज लाखपट जोराने दाबून पाहतो आहे. इतकी तयार झालेली भेग रम्बलची वाट पाहत बसणार नाही.

मग छोट्याने मोठ्याला हलवणे अशक्यच आहे का? मुळीच नाही. मालिका लिहिणाऱ्यांच्या हातून जी खरी गोष्ट निसटली ती येथेच आहे. झोपाळ्यावरच्या मोठ्या माणसाला चार वर्षांचे मूल ढकलू शकते. ते योग्य वेळी ढकलते, आणि प्रत्येक वेळचे थोडेथोडे साठत जाते. हा अनुनाद. १८३१ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ ब्रॉटनचा झुलता पूल पावलात पाऊल टाकून चालणाऱ्या सैनिकांच्या तुकडीखाली कोसळला. १९ सप्टेंबर १९८५ चा मेक्सिकोचा भूकंप राजधानीपासून साडेतीनशे किलोमीटरांहून दूर झाला, पण शहराचा एक भाग जुन्या तलावाच्या गाळावर वसलेला. तो गाळ सुमारे दोन सेकंदांच्या आवर्तकालाने डोलू लागला, आणि ज्या मध्यम उंचीच्या इमारतींचा स्वतःचा आवर्तकाल त्याच्या जवळपास होता त्या अधिक पडल्या. रम्बलला कोणी पदार्थविज्ञान शिकवले असते तर त्याने जमिनीचा नाद सोडून एखाद्या पुलावर उभे राहून योग्य तालात ठोके दिले असते. तेथे त्याचा एक टनाचा जोर दहा-वीस टनांसारखा लागू पडला असता, आणि बढाईला थोडा तरी आधार मिळाला असता.

जमिनीच्या बाबतीत ही युक्ती का चालत नाही, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. झोपाळ्याला दोर असतात. दिलेली ऊर्जा पळून जात नाही, पुढच्या झोक्याला परत येते. जमिनीला दिलेली लहर निघून जाते आणि चहूकडे पसरते. पुढचा ठोका पडतो तेव्हा पहिला ठोका तेथे नसतोच. पृथ्वी संपूर्ण गोल म्हणून मात्र घंटेसारखी वाजते. १९६० सालच्या चिलीच्या ९.५ महत्तेच्या भूकंपानंतर ते स्पष्ट नोंदले गेले, आणि तिच्या सर्वांत संथ नादाचा आवर्तकाल सुमारे ५४ मिनिटे आहे. म्हणजे पृथ्वीशी ताल जुळवायचा तर रम्बलने चोपन्न मिनिटांनी एकदा ठोका द्यायला हवा. तेवढा धीर त्या स्वभावात नाही.

धरणाचा विषय निघालाच आहे, तर मालिकेच्या १९८४ सालच्या पहिल्या कथेतला प्रसंग सांगते. रम्बलचे तेथले पहिले मोठे काम धरणावरच आहे. मेगाट्रॉनच्या टोळीला वीज हवी असते. ती एका धरणावर छापा घालते आणि रम्बलला पाण्यात उतरवते. त्याने तळाशी ठोकून प्रचंड लाट उठवायची, म्हणजे जनित्रे जास्त वीज देतील. मुलांना या प्रसंगात काय चुकले ते विचारा, पाच चुका निघतील. जनित्राची वीज पाण्याच्या उंचीवर आणि दर सेकंदाला झोतातून जाणाऱ्या पाण्यावर ठरते, आणि पाणी किती सोडायचे ते झडपा ठरवतात. लाट उठली तर पाणी सांडव्यावरून वाहून जाईल. पण मुख्य चूक जमाखर्चाची आहे. लाटेतली ऊर्जा आली कोठून? रम्बलच्या हातोड्यांतून. त्या हातोड्यांना कोणी दिली? मेगाट्रॉनच्याच इंधनाने. रम्बलच्या ठोक्यांची शक्ती ५० किलोवॅट, आणि कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट, सुमारे ३९ हजार पट. आपल्या विहिरीला पाणी यावे म्हणून तांब्यातले पाणी विहिरीत ओतण्याचा हा उद्योग आहे. ऊर्जेच्या टंचाईमुळे पृथ्वीवर आलेल्या प्रगत यंत्रमानवांना ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम ठाऊक नसावा, हे मला भूकंपापेक्षा जास्त खटकले.

आता दुसरे विधान, लहानपणाचे. लहान आकार ही उणीव, हे कार्ड गृहीत धरून चालते. निसर्गाचा हिशोब उलटा आहे. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात दाखवले, की आकार दुप्पट केला तर वजन आठपट होते, पण हाडाचा आडवा छेद, आणि म्हणून ताकद, चौपटच. उलट दिशेने गेले की लहान शरीर आपल्या वजनाच्या मानाने बळकट ठरते. मुंगी स्वतःच्या कितीतरी पट ओझे उचलते, उंदीर उंचावरून पडून चालू लागतो. पुढे भारताचे नागरिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ साली योग्य आकाराविषयी लिहिलेला निबंध याच विषयावर आहे, आणि तो शिक्षकांनी मुळातून वाचावा असा आहे. रम्बलने बढाई मारायचीच होती तर त्याला येथे खरा मुद्दा होता: 'माझ्या वजनाच्या मानाने मी तुम्हा सर्वांपेक्षा बळकट आहे.' लेखकाने त्याला भूकंपाची खोटी बढाई दिली आणि ही खरी बढाई मारू दिली नाही.

तो इतका लहान का, याचे उत्तर मात्र विज्ञानात नसून कारखान्यात आहे. ही खेळणी मूळची जपानच्या टाकारा कंपनीची, आणि दोन निराळ्या मालिकांतली. एकीत मोटारी होत्या, खऱ्या मोटारीच्या सुमारे १:६० प्रमाणात. दुसरीत, म्हणजे मायक्रोमॅनच्या १९८३ सालच्या शाखेत, घरातल्या वस्तू होत्या आणि त्या खऱ्याच आकाराच्या होत्या. मायक्रोमॅन हे दहाएक सेंटिमीटर उंचीचे वीर, ते आपल्या घरात वावरतात, म्हणून त्यांचे रोबो कॅसेट, कॅमेरा अशी रूपे घेतात. तेथे कॅसेटचा रोबो कॅसेटएवढाच असणे तर्काला धरून होते. हॅस्ब्रोने दोन्ही मालिका एका खोक्यात भरल्या आणि मोजपट्टीच हरवली. आता कॅसेटचा रोबो माणसाहून उंच दाखवावा लागतो आणि तो पुन्हा कॅसेटमध्ये मावतो. लहान जातीच्या कॅसेटचे आकारमान सुमारे १३ घन सेंटिमीटर. आपला एक टनाचा रम्बल त्यात बसवला तर घनता पाण्याच्या ७७ हजार पट होते. ऑस्मियम हा सर्वांत घन धातू पाण्याच्या २२.६ पट असतो. तो टेपरेकॉर्डर उचलायला क्रेन लागेल. रोबोचे वजन जाते कोठे, हा प्रश्न मुले नेहमी विचारतात. वजन कोठेच गेलेले नाही, दोन खेळणी एकत्र करताना कोणी वजन केलेच नाही, हे त्याचे प्रामाणिक उत्तर. जाता जाता, मूळ खेळण्यांत रम्बल लाल आणि त्याचा जोडीदार फ्रेन्झी निळा आहे, तर दूरदर्शन मालिकेत नेमके उलट. चाहते यावर अजून वाद घालतात. नमुन्यांवर चिठ्ठ्या लावताना चूक झाली तर काय होते, ते प्रयोगशाळेतल्या मुलांना सांगायला बरे आहे.

एवढ्या चुका काढल्यावर पात्र वाईट आहे असे मी म्हणणार का? विनोदी पात्र म्हणून तो मला आवडला. पण बढाईखोराची गंमत बढाई आणि करणी यांच्यातल्या अंतरात असते. विराटाच्या घरचा राजपुत्र उत्तर अंतःपुरात कौरवांना लोळवण्याच्या गोष्टी करतो आणि खरे सैन्य दिसताच रथातून उडी टाकतो. त्या प्रसंगाला आपण हसतो, कारण समोरचे सैन्य खरे आहे. रम्बलसमोर सैन्य नाही. तो म्हणतो जमीन हादरवीन, आणि जमीन हादरते. मग ती बढाई राहत नाही, जाहिरात होते. खोक्यावरचा मजकूर आणि पडद्यावरची घटना एकमेकांना दुजोरा देतात, कारण दोन्ही एकच वस्तू विकत आहेत. एखाद्या भागात त्याने ठोका दिला आणि नुसती धूळ उडाली असती, तर तो खरा विनोद झाला असता, आणि विज्ञानही झाले असते. अफवेचेही तसेच आहे. यंत्राने भूकंप केला असे सांगणारी चित्रफीत कधीच आकडा देत नाही. तुर्कस्तानच्या भूकंपाची ऊर्जा कोयनेच्या सुमारे १८० पट होती. तेवढी ऊर्जा कोणत्या तारेतून आली, हे विचारणारे मूल वर्गात एक असले तरी मला पुरे.

हा सगळा हिशोब मी त्या शाळेच्या गुरुजींना पाठवला. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. आठवीच्या मुलांनी दुपारभर आकडे बदलून पाहिले होते. रम्बलला शंभर टनांचा केला, हातोडे दहा टनांचे केले, तरी शंभरातला एक भाग धरल्यावर कोयनेला ११४ वर्षेच लागत होती. मग कोणीतरी त्याला दहा हजार टनांचा करायला निघाला. तेव्हा तोच मुलगा म्हणाला म्हणे, "पण गुरुजी, मग तो छोटा कुठं राहिला?"